चिंतामणी साडी फोनवर मोरपिशी दिसते, मग नवीन फोन घेताना रिझोल्यूशन बघू की कलर डेप्थ?

लालबागची_साडीवाली

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा प्लीज, कारण नुसतं "कुठला फोन घेऊ" एवढाच प्रश्न नाहीये.

मी घरून साड्या विकते, चार वर्षं झाली. थोडा माल येवल्याहून येतो थोडा हिंदमाताला जाऊन उचलते, फोटो काढायचे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे, ऑर्डर आली की कुरियर. मागच्या महिन्यात एक सेमी पैठणी नाशिकला गेली, चिंतामणी रंग, मुनिया काठ, आणि आठ दिवसांत परत आली. बाई म्हणाल्या मी मोरपिशी बघून घेतली होती, ही तर निळी आहे. मी म्हटलं असं कसं होईल, फोटो उघडून बघितला तर माझ्या फोनवर खरंच हिरवट, पक्की मोरपिशी. मग मिस्टरांच्या फोनवर उघडला, तिथे थोडी निळी पण हिरवी झाक आहेच. जावेच्या फोनवर तर एकदम भडक, हिरवट फिरोजी म्हणा. साडी मांडीवर, तिन्ही फोन पलंगावर शेजारीशेजारी ठेवलेले, आणि चार रंग! येण्याजाण्याचं कुरियर माझ्याच खिशातून गेलं ते एक वेळ सोडा, पण त्या बाईंना वाटलं मी फसवलं, ते फार लागलं मला.

तर आता फोन बदलायचाच आहे, बजेट जास्तीत जास्त वीस हजार. दुकानात दोन दाखवले. एक ६.७ इंची एलसीडी, ७२० बाय १६००, त्याच्यावर लिहिलंय १६.७ मिलियन कलर्स. दुसरा ६.७ इंचीच पण अ‍ॅमोलेड, १०८० बाय २४००, १० बिट, १.०७ बिलियन कलर्स, आणि तो बराच महाग. दुकानदार म्हणतो मॅडम शंभर कोटीच्या वर रंग आहेत यात, साडीचा रंग चुकणारच नाही. भाचा म्हणतो मामी हे सगळं खोटं, डोळ्याला काही फरक कळत नाही, स्वस्तातला घे. आता खरं कोणाचं धरू? आणि अजून एक, जरीच्या काठावर फोटोत कधीकधी लाटा लाटा दिसतात, ते रिझोल्यूशन कमी असल्यामुळे होतं का? कोणाला यातलं नीट माहीत असेल तर सांगा.

प्रिंटवाला_परळ

ताई, मी छपाईच्या धंद्यात आहे, बावीस वर्षं रंगच जुळवतोय, त्यामुळे यावर थोडं बोलतो.

पहिली गोष्ट, दुकानदार चुकीचं सांगतोय. कलर डेप्थ म्हणजे रंग किती खरा, असं नाही. कलर डेप्थ म्हणजे रंगाच्या पायऱ्या किती. एक जिना डोळ्यासमोर आणा. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत २५६ पायऱ्या केल्या तर तो ८ बिट, त्याच उंचीत १०२४ पायऱ्या केल्या तर १० बिट. लाल हिरवा निळा असे तीन जिने, म्हणून २५६ चा तीनदा गुणाकार, तो होतो १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६, हेच तुमचे १६.७ मिलियन. १०२४ चा तीनदा गुणाकार केला की १०७ कोटींच्या वर जातो. पण बिल्डिंग तेवढीच आहे! पायऱ्या बारीक झाल्या, उंची नाही वाढली.

उंची म्हणजे वेगळी गोष्ट, तिला गॅमट म्हणतात, किती गडद आणि किती भडक रंग स्क्रीनला दाखवता येतो ते. फोनच्या डब्यावर एसआरजीबी किंवा डीसीआय-पी३ असं लिहिलेलं असतं ते हे. एसआरजीबी १९९६ चं आहे, तेव्हाच्या कॉम्प्युटर मॉनिटरच्या हिशोबाने ठरवलेलं, पी३ सिनेमाच्या प्रोजेक्टरवरून आलं आणि ते मोठं आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी तुम्हाला हवी आहे, ती म्हणजे अचूकता. तिसऱ्या मजल्यावर सोड म्हटल्यावर लिफ्ट तिसऱ्याच मजल्यावर थांबते की चौथ्यावर जाते. जिन्याला पायऱ्या हजार असल्या तरी लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबली तर उपयोग काय. १०७ कोटी रंगांचा स्क्रीन चिंतामणीला मोरपिशी दाखवू शकतो आणि १६.७ मिलियनवाला बरोबर दाखवू शकतो. डब्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

शिवाय हिशोब बघा, १०८० बाय २४०० म्हणजे स्क्रीनवर ठिपकेच २५ लाख ९२ हजार. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग दिला तरी एका वेळी तेवढेच मावणार. आणि तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारा फोटो जेपेग असतो, तो ८ बिटच. १० बिटच्या स्क्रीनवर तो ८ बिटचाच दिसणार.

आता तुमच्या साडीबद्दल. तुम्ही लिहिलंय तिन्ही फोनवर वेगळा रंग, पण नीट बघा, तिन्ही फोन हिरव्याच बाजूला चुकतायत. एक कमी एक जास्त, पण बाजू तीच. तीन वेगळे स्क्रीन सहसा एकाच दिशेला चुकत नाहीत. म्हणजे मूळ चूक फोटोतच आहे, स्क्रीनने ती कमीजास्त केली एवढंच. फोटो कुठे काढला होतात? किती वाजता, कुठल्या उजेडात?

खिडकीची_जागा

रंगातलं दादांनी सांगितलं, मी रिझोल्यूशनबद्दल सांगतो कारण मी रोज कर्जत ते सीएसएमटी येऊनजाऊन साडेचार तास फोनवरच वाचत असतो.

नुसतं ७२० की १०८० बघून काही कळत नाही, ते किती इंचावर पसरलंय ते बघायचं. लांबी रुंदीचे वर्ग करायचे, बेरीज, वर्गमूळ, भागिले इंच, की पीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. तुमचा पहिला फोन येतो २६२, दुसरा ३९३. २०१३ च्या पहिल्या मोटो जीमध्ये पण ७२० बाय १२८०च होतं, पण स्क्रीन साडेचार इंची, म्हणून ३२६ पीपीआय आणि अक्षर सुरेख. तेच ७२० आता पावणेसात इंचावर ताणतात आणि एचडी प्लस म्हणून विकतात, हे मला अजिबात पटत नाही.

आता डोळ्याला किती लागतं, तर चांगली नजर असलेल्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक कळतो असं धरतात. फोन ३० सेंटीमीटरवर धरला तर हिशोब साधारण २९० पीपीआयला येतो, २५ वर धरला तर ३५० च्या आसपास, आणि ४० सेंटीमीटर लांब धरलात तर २२० पण पुरे. २०१० साली आयफोन ४ आला ३२६ पीपीआयचा, तेव्हा स्टीव्ह जॉब्सने १० ते १२ इंचावरून ३०० च्या आसपासचा आकडा सांगितला होता तो याच हिशोबाने. म्हणजे भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ३९३ च्या वर ५०० ला गेलं तर नेहमीच्या वापरात नाही कळत. सोनीने २०१५ मध्ये एक्सपिरिया झेड५ प्रीमियम काढला होता ४के स्क्रीनचा, ८०६ पीपीआय, तोसुद्धा फोटो आणि व्हिडिओ सोडले तर बाकी सगळं १०८० मध्येच दाखवायचा.

पण २६२ आणि ३९३ मधला फरक कळतो. आणि आपल्याला इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त कळतो असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी अक्षर मोकळं असतं. आपलं "राष्ट्र" किंवा "द्ध" "द्व" "ह्म" घ्या, एका अक्षराच्या जागेत तीन मजले, वर रफार त्याच्यावर अनुस्वार. लोकलमध्ये स्कॅन केलेलं जुनं पुस्तक वाचताना माझ्या आधीच्या ७२०च्या फोनवर "द्ध" आणि "ध्द" मधला फरक कळायचा नाही, आणि "र्कं" मधला अनुस्वार रफाराला चिकटून एक काळा ठिपका व्हायचा. सारखं झूम करायचं, मग ओळ हातातून सुटायची. १०८० घेतल्यापासून पान पूर्ण रुंदीत ठेवून वाचतो.

साडीचा रंग यातून सुधारणार नाही, पण जर, बुट्टी, विणीचा पोत हे दिसायला ठिपके लागतातच.

रात्रपाळी

@प्रिंटवाला_परळ दादा तुमचं जिन्याचं उदाहरण आवडलं पण १० बिट एवढं उडवून लावू नका. मी रात्री कामावर ब्रेकमध्ये सिरीज बघतो, अंधाराचे सीन असले की जुन्या फोनवर भिंतीवर पट्टे पट्टे दिसायचे, धुक्यात तर नकाशातल्या कंटूरसारख्या रेषा. नवीन १० बिट आहे, त्यावर एचडीआर लावलं की तेच सीन गुळगुळीत. फरक आहे, मी रोज बघतोय.

प्रिंटवाला_परळ

@रात्रपाळी, उडवून लावत नाहीये, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि मी तो लिहायला हवा होता. एचडीआर व्हिडिओत उजेडाची रेंजच मोठी असते, काळ्यापासून खूप चमकदार पांढऱ्यापर्यंत, म्हणजे तिथे बिल्डिंगच उंच झाली. मग २५६ पायऱ्यांत एकेक पायरी एवढी मोठी होते की डोळ्याला दिसते, तेच तुमचे पट्टे. म्हणून एचडीआर१० हे १० बिटचंच आहे. आकाश, धुकं, भिंतीवरचा दिव्याचा उजेड, जिथे रंग हळूहळू बदलतो तिथेच हे कळतं.

माझ्याकडे नोकिया ६६०० होता, २००३ चं मॉडेल, १७६ बाय २०८ आणि ६५,५३६ रंग. त्यात लाल आणि निळ्याला फक्त ३२ पायऱ्या असतात आणि हिरव्याला ६४. चौपाटीवर संध्याकाळी फोटो काढला होता त्यावर, सूर्याभोवती कांद्याच्या चकत्यांसारखी कडी दिसायची. कॉम्प्युटरवर तोच फोटो व्यवस्थित होता. कमी डेप्थ काय असते ते मला त्या दिवशी कळलं. नंतर २००६ च्या एन७३ वर २,६२,१४४ रंग होते, तिथेच ते बरंचसं गेलं, आणि ८ बिट आल्यावर साध्या फोटोत ही तक्रार फारशी राहिली नाही.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. नेट स्लो असताना ओटीटीवर दिसणारे पट्टे बऱ्याचदा स्क्रीनचे नसतात, व्हिडिओ दाबून पाठवलेला असतो त्याचे असतात, त्याला १० बिट पॅनल काही करू शकत नाही. आणि स्वस्तातल्या कितीतरी "१० बिट" फोनमध्ये पॅनल ८ बिटचंच असतं, शेजारच्या दोन पायऱ्यांवर भराभर वरखाली करून मधली पायरी असल्याचा भास करतात, त्याला एफआरसी म्हणतात. ते चालतं, दिसायला बरं दिसतं, पण डब्यावर ते कोणी लिहीत नाही. आता तर ६८ बिलियन असाही आकडा छापतात, म्हणजे १२ बिट, ४०९६ पायऱ्या.

ताईंचं काम साड्यांच्या फोटोंचं आहे, म्हणून मी म्हटलं की त्यांना त्यासाठी जास्त पैसे घालायची गरज नाही.

लालबागची_साडीवाली

बापरे एवढी उत्तरं, मनापासून आभार सगळ्यांचे. जिन्याचं एकदम डोक्यात शिरलं.

दादा फोटो संध्याकाळी सातनंतर काढला होता, मुलांची शाळा, स्वयंपाक सगळं उरकून तेव्हाच वेळ मिळतो. हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली. साडी सोफ्याच्या पाठीवर पसरते नेहमी. आणि आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमच्या हॉलची भिंत पिस्ता रंगाची आहे, गेल्या गणपतीच्या आधी रंग दिलाय.

प्रिंटवाला_परळ

सापडलं! रेशमासारखा चकाकणारा कपडा आरशासारखं वागतो ताई, पिस्ता भिंतीचा उजेड साडीवर पडतो आणि परत कॅमेऱ्यात जातो. त्यात ट्यूबलाइटची स्वतःची हिरवट झाक. आपला डोळा ते आपोआप दुरुस्त करतो म्हणून तुम्हाला साडी चिंतामणीच दिसली. कॅमेरा पण दुरुस्त करायला बघतो, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, पण फ्रेममध्ये पांढरं काहीच नसेल आणि पूर्ण फ्रेम निळ्या साडीने भरलेली असेल तर त्याला पांढरं कशाला म्हणायचं तेच कळत नाही.

सकाळी दहा ते अकरा, खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. मागे पांढरी चादर. घरातले सगळे दिवे बंद, दिवस आणि ट्यूबलाइट मिसळू देऊ नका. नवीन फोन यायच्या आधी आत्ताच्याच फोनवर करून बघा.

दादरचा_रिपेरवाला

मी थोडं उशिरा वाचतोय. स्टेशनजवळ फोन रिपेरिंगचं काम करतो. ताई तुमच्या फोनवर बाकी दोघांपेक्षा जास्त हिरवं दिसतंय, त्याबद्दल दोन प्रश्न. एक, सेटिंगमध्ये आय कम्फर्ट, नाइट लाइट असं काही चालू आहे का? दोन, डिस्प्ले कधी बदललाय का?

कारण आय कम्फर्ट निळा कमी करतं. निळ्यातून निळा काढला तर मागे उरणार काय, हिरवट. किती लोक ते चालू करून विसरतात आणि डिस्प्ले पिवळा पडला म्हणून माझ्याकडे येतात, मी बटण बंद करून परत देतो, पैसे घेत नाही.

डिस्प्ले बदलला असेल तर ते मोठं कारण. ओरिजिनल अ‍ॅमोलेड महाग असतो म्हणून बाजारात त्याच मॉडेलला बसणारा एलसीडीचा कॉपी मिळतो, आम्ही इनसेल म्हणतो. टच चालतो, दिसायला झकास, गिऱ्हाइकाला कळत पण नाही. पण फोनच्या आतलं सेटिंग ओरिजिनल पॅनलच्या रंगांसाठी केलेलं असतं, पॅनलच बदललं तर रंग कसे जुळणार. काही कॉपीत रिझोल्यूशन पण कमी निघतं. ओळखायचं कसं, अ‍ॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, एलसीडीत मागे दिवा असतो, म्हणून अंधारात पूर्ण काळा फोटो लावा. अ‍ॅमोलेड असेल तर स्क्रीन बंद असल्यासारखा काळाकुट्ट, एलसीडी असेल तर राखाडी उजेड दिसेल.

लालबागची_साडीवाली

दादा काय सांगू, दोन्ही हो! मागच्या दिवाळीत मुलाच्या हातून पडला होता, एका दुकानात बदलून घेतला, ओरिजिनल म्हणून पैसे घेतले होते. आत्ता बाथरूममध्ये दिवा बंद करून काळा फोटो लावला, राखाडी दिसतोय. आणि आय कम्फर्ट रात्री आठ ते सकाळी सात आपोआप चालू होतंय, ते मी कधी लावलं आठवत पण नाही. म्हणजे वर्षभर मी याच स्क्रीनवर बघून लोकांना "हो ताई सेम कलर" असं सांगत होते. जीव एवढासा झाला माझा. ज्या दोघीतिघींनी याआधी रंगावरून कुरकुर केली होती त्यांना आज फोन करून सॉरी म्हणणार आहे.

मग आता फोन कुठला? आणि समोरच्या बाईच्या फोनचं काय करू, तो माझ्या हातात नाही ना?

खिडकीची_जागा

जरीच्या लाटांचं राहून गेलं. ते मॉयरे. बारीक विणीच्या रेषा आणि कॅमेऱ्याचे किंवा स्क्रीनचे ठिपके एकावर एक पडले की तिसरीच नक्षी तयार होते. फोटो उघडून पूर्ण झूम करा, लाटा गेल्या तर फोटो चांगला आहे, स्क्रीनवर लहान करून दाखवताना त्या येतायत. झूम करूनही राहिल्या तर फोटोतच आहेत, मग फूटभर पुढे किंवा मागे सरकून किंवा साडी जरा तिरकी करून परत काढा. ७२०च्या स्क्रीनवर पहिला प्रकार जास्त दिसतो, ठिपके कमी म्हणून.

अजून एक, अ‍ॅमोलेडचे ३९३ आणि एलसीडीचे ३९३ तंतोतंत सारखे नसतात. बऱ्याच अ‍ॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपक्याला हिरवा कण असतो पण लाल आणि निळे कण हिरव्याच्या निम्मेच, याला पेनटाइल म्हणतात. म्हणून ७२०चा अ‍ॅमोलेड मी कोणालाच सुचवत नाही, अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. १०८०ला अडचण येत नाही.

प्रिंटवाला_परळ

समोरच्या फोनवर एक उपाय आहे, आमच्या धंद्यातला. आम्ही छापताना बाजूला रंगांची पट्टी छापतो, पट्टी बरोबर तर काम बरोबर. तुम्ही फोटोत अशी एक वस्तू ठेवा जी त्यांच्या घरात पण असते. निळ्या हिरव्या साडीसोबत नव्या पन्नासच्या नोटेची घडी, पिवळ्या केशरीसोबत पार्ले-जीचा पुडा. पुड्याच्या वेष्टनाचा पिवळा छापताना खूप सांभाळतात, तो इथल्या आणि नाशिकच्या दुकानात सारखाच असतो. नोट मात्र कोरी घ्या, मळकी नको. मग बाईंना सांगायचं, हातात नोट धरा, फोटोतली नोट आणि हातातली नोट सारखी दिसतेय का? दिसली तर साडीचा रंग बरोबर. नाही दिसली तर ज्या बाजूला नोट सरकलीय त्याच बाजूला साडी सरकलीय.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एचडी तरी निवडा. साधा पाठवला की तो दाबला जातो, आणि जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या निम्म्या रिझोल्यूशननेच साठवतात. मोठ्या रंगाला काही होत नाही, पण हिरव्या पदरावरची लाल मुनिया, तिच्या कडा पसरतात. काठाचा वेगळा जवळचा फोटो द्या.

फोनबद्दल माझं मत, १०८०चा अ‍ॅमोलेड घ्या पण १० बिटसाठी पैसे देऊ नका, ८ बिटवाला कमीत मिळतो. घेतल्या घेतल्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिव्हिड असेल ते नॅचरल करा. तुमच्या जावेच्या फोनवर बहुतेक व्हिव्हिडच चालू आहे, ते एसआरजीबीचे रंग पी३ एवढे ताणून दाखवतं, म्हणून भडक.

दादरचा_रिपेरवाला

दुकानात बघताना फोन सरळ धरून बघा आणि मग वाकडा करून, अ‍ॅमोलेड वाकडा केला की पांढरा थोडा निळसर किंवा गुलाबी होतो, जास्त होत असेल तर तो पीस नको. ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवून रंग बघा. आणि एक सांगून ठेवतो, अ‍ॅमोलेड फुटला की खर्च मोठा, चांगलं कव्हर घ्या पहिल्याच दिवशी.

लालबागची_साडीवाली

दहा दिवसांनी लिहितेय, तुम्हाला सांगायचंच होतं.

आधी जुन्याच फोनवर सकाळी खिडकीत, पांढऱ्या चादरीवर, शेजारी पन्नासची नोट ठेवून त्याच साडीचा फोटो काढला. मिस्टरांच्या फोनवर बघितला तर पहिल्यांदाच चिंतामणी दिसली. फोन बदलायच्या आधीच अर्धं काम झालं होतं.

मग साडीची पिशवी घेऊनच दुकानात गेले. तीन फोन समोर ठेवायला लावले, तिन्हींवर तोच फोटो, तिन्ही नॅचरलवर, आय कम्फर्ट बंद. ७२०च्या एलसीडीवर रंग वाईट नव्हता खरं सांगायचं तर, थोडा फिका पण बाजू बरोबर. पण काठावर लाटा आल्या आणि मुनियाची चोच दिसेना. १०८०च्या दोन्ही अ‍ॅमोलेडवर चोच, डोळा, पंखावरची रेघ सगळं दिसलं. ८ बिट आणि १० बिट मी पाच मिनिटं आलटूनपालटून बघितले, दुकानातल्या मुलाला पण विचारलं, आम्हाला दोघांनाही साडीच्या फोटोत फरक सांगता आला नाही. ८ बिटवाला घेतला, तीन हजार वाचले, त्यात खिडकीला लावायला पांढरा पडदा आणि कव्हर आणलं.

नाशिकच्या बाईंना नवीन फोटो पाठवला नोटेसकट. त्यांनी स्वतः नोट हातात धरून बघितली आणि लिहिलं, आता निळी दिसतेय, पण मला मोरपिशीच हवी होती, असेल तर दाखवा.

आहे माझ्याकडे मोरपिशी. पण दादा, तिचाच फोटो काही केल्या नीट येत नाहीये. उजेड बरोबर, नोट बरोबर दिसतेय, तरी साडीत जी ती आतून उजळणारी झाक आहे ती फोटोत मेल्यासारखी होते. यात माझं काय चुकतंय?

प्रिंटवाला_परळ

काही चुकत नाहीये ताई. हिरव्या निळ्याच्या मधला तो गडद पट्टा एसआरजीबीच्या बाहेर जातो, जिना तिथपर्यंत पोचतच नाही. छपाईत पण मोरपिशी आणि राणी या दोन रंगांनी मला आयुष्यभर छळलंय, चार शाईंच्या छपाईत ते तसे येतच नाहीत, वेगळी शाई घ्यावी लागते. फोटोत फोन तो रंग ओढून जवळच्या रंगात बसवतो, म्हणून मेल्यासारखी.

आणि ती धूपछांव असेल, उभा धागा निळा आणि आडवा हिरवा, तर तिला एक रंगच नाही, कोन बदलला की रंग बदलतो. एका फोटोत ते कसं येणार. पदर हातात धरून खिडकीत हळूहळू फिरवत पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि खाली लिहा, फोटोत दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त गडद आहे, निळ्या हिरव्या दोन्ही झाका आहेत. बाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवणार असाल तर तोही सकाळीच करा, रात्री त्यांच्याकडेही आय कम्फर्ट चालू असू शकतं.

लालबागची_साडीवाली

धूपछांवच आहे! उभा निळा आडवा हिरवा, अगदी बरोबर. उद्या सकाळी दहाला व्हिडिओ काढते, त्यांना साडेदहाची वेळ दिलीय.